किलोभर बदक, मणभर सामान

बदकांच्या शिकारीला निघताना बरोबर काय घ्यावं, या प्रश्नाचं अमेरिकेत एक ढोबळ उत्तर आहे: घरातलं सगळं, आणि शेजाऱ्याची होडी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात उत्तरेकडची तळी गोठू लागली, की बदकांचे थवे मिसिसिपी नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला उतरतात आणि त्यांच्या मागोमाग आर्कन्सॉ राज्यातल्या स्टटगार्ट गावाकडे पिकअप गाड्यांची रीघ लागते. हे गाव स्वतःला भाताची आणि बदकांची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. भाताच्या बाबतीत चीन आणि भारत यांचं मत काय, हे विचारण्याच्या भानगडीत ते पडलेलं नाही. अमेरिकेपुरतं बोलायचं तर मात्र दावा अगदीच हवेत नाही, कारण त्या देशातला जवळजवळ निम्मा तांदूळ एकट्या आर्कन्सॉत पिकतो. कापणीच्या वेळी खाचरात सांडलेले दाणे, त्यांवर हिवाळ्यात साठवलेलं वीतभर पाणी आणि जवळच्या ओढ्याकाठी पाण्यात उभं असलेलं ओकचं जंगल, एवढ्यावर मॅलार्ड बदकाचा हिवाळा सुखात निघतो. हिरव्या डोक्याचा त्याचा नर भरतो सव्वा किलोच्या आसपास. तो शेकडो मैल उडून येतो आणि येताना काहीही आणत नाही. त्याच्या वाटणीचं सामान माणूस आणतो.

सामानाची सुरुवात बंदुकीपासून होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती कागदांपासून होते. राज्याचा शिकार परवाना हवा, पाणपक्ष्यांसाठी राज्याचं वेगळं शुल्क भरल्याचा पुरावा हवा, शिवाय स्थलांतरित पक्ष्यांच्या मोजदादीसाठी एक नोंदणी हवी. या नोंदणीत गेल्या हंगामात आपण साधारण किती बदकं मारली हे सांगावं लागतं. शिकारी तिथे जो आकडा सांगतो तोच मित्रांनाही सांगतो, असं गृहीत धरणारं सरकारी खातं भाबडं म्हणायला हवं. या सगळ्यावर कळस म्हणजे केंद्र सरकारचं बदक-तिकीट. वयाची 16 वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला ते 25 डॉलरला घ्यावं लागतं आणि त्याच्या तोंडावर शाईनं सही करावी लागते. दिसायला ते टपाल तिकिटासारखं असतं, पण पाकिटाला लावलं तर पत्र जात नाही आणि सही राहिली असेल तर शिकारी पुढे जात नाही. आता हे तिकीट मोबाइलमध्येही ठेवता येतं. ज्याचा मोबाइल एकदा दलदलीत पडला आहे, तो पुन्हा कागदावर येतो.

या तिकिटाचा जन्म 1934 चा. पहिल्या तिकिटावरचं चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढलं होतं आणि त्याची किंमत एक डॉलर होती. डार्लिंग हे मूळचे वर्तमानपत्रातले व्यंगचित्रकार, त्या क्षेत्रातलं पुलित्झर पारितोषिक दोनदा मिळवलेले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारभारावर ते सडकून टीका करत, आणि रूझवेल्ट यांच्याच सरकारनं त्यांना पशुपक्ष्यांच्या खात्याचं प्रमुख केलं. खात्यावर व्यंगचित्रं काढणारे सगळ्या देशांत आहेत. खातंच हातात दिल्यावर ते नीट चालवून दाखवणारा विरळा. तिकिटाच्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा विकत घेण्यावर नाहीतर कायम राखून ठेवण्यावर खर्च होतात आणि आजवर अशी 60 लाख एकरांहून जास्त जमीन वाचली आहे. शिकाऱ्याच्या अख्ख्या यादीत बदकाच्या कामाला येणारी वस्तू ती एवढीच. तीच सगळ्यांत हलकीही.

आता बंदूक. ती बहुधा बारा बोअरची असते. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक जिच्यात नेमका बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून वीस बोअरची बंदूक बारापेक्षा लहान. दुकानात मोठी बंदूक म्हणून वीस बोअरची मागणारा नवशिका विक्रेत्याला पुढचा आठवडाभर पुरतो. कायद्यानं बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, त्यासाठी नळीखालच्या भांडारात एक दांडी बसवून जागा अडवावी लागते. तीनदा चुकल्यावर शिकाऱ्याला आत्मपरीक्षणाला सवड मिळावी, असा हेतू कायद्यात लिहिलेला नाही. परिणाम तोच होतो.

काडतुसांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. पोटात दाणे दळले जावेत म्हणून बदक तळातले बारीक खडे गिळतं. वर्षानुवर्षं चिखलात साचलेले छर्रेही त्या खड्यांबरोबर पोटात जाऊ लागले आणि शिशाच्या विषानं बदकं मरू लागली. म्हणजे आजोबांचा चुकलेला बार नातवाच्या काळात लागू पडत होता. आता पोलादाचे छर्रे वापरतात. ते शिशापेक्षा हलके, त्यामुळे त्यांचा वेग लवकर पडतो आणि नेम चुकल्याचं खापर फोडायला एक शास्त्रीय जागा मिळते. बिस्मथचे किंवा टंगस्टनचे छर्रे शिशाच्या तोडीचे असतात. त्यांची किंमत ऐकल्यावर बार काढण्याआधी माणूस दोनदा विचार करतो आणि तेवढ्यात बदक निघून जातं. सामान भरतानाचा खरा धोका जुन्या जाकिटाच्या खिशात असतो. तिथे विसरून राहिलेलं शिशाचं एक काडतूस शिकारीच्या जागी जवळ सापडलं, तरी तो गुन्हा ठरतो, मग ते झाडलेलं असो वा नसो. म्हणून जाणती माणसं आदल्या रात्री सगळे खिसे उलटे करतात. त्यातून काडतुसं क्वचितच निघतात. गेल्या वर्षीचं अर्धवट खाल्लेलं सँडविच हमखास निघतं.

दिवसाला माणशी सहा बदकांची मर्यादा आहे. मॅलार्ड त्यांतले चारच, आणि त्यांतही माद्या दोनच. काडतुसं 25 च्या पेटीत येतात. किती पेट्या न्यायच्या हे नेमावर ठरत नाही. सोबत कोण आहे यावर ठरतं. एकटा जाणारा एक पेटी नेतो. चारचौघांत जाणारा तीन नेतो आणि त्यांतल्या दोन गाडीत असल्याचं कुणाला सांगत नाही.

कपड्यांकडे वळावं तर इथे थंडी आणि बदक यांच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत. थंडीची मागणी साधी: आतून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं काहीतरी, त्यावर उबदार थर, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट, आणि सुती काहीही नाही, कारण सुती कापड ओलं झालं की ऊब धरत नाही. खाली ‘वेडर्स’, म्हणजे पायमोज्यांपासून छातीपर्यंत सलग असलेली, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवलेली जलाभेद्य विजार. ती घालून कमरेइतक्या गोठगार पाण्यात तासन् तास कोरडं उभं राहता येतं, असं तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. काटेरी तारेचं टोक एकदा गुडघ्यापाशी लागलं की पाणी आत थेंब थेंब येत राहतं, आणि कितीही उलटीसुलटी करून पाहिली तरी ते भोक सापडत नाही. कमरेला वरून पट्टा आवळायलाच हवा. पाय घसरून पडल्यास आत पाणी भरू नये म्हणून तो असतो आणि या पट्ट्याच्या बाबतीत थट्टा नको. थर्मासमधली दोन कप कॉफी पोटात गेल्यानंतर या विजारीची खरी परीक्षा होते. आधी जाकीट, मग पट्टा, मग खांद्यावरच्या पट्ट्या, मग आतले थर, अशी उकल करत शेवटच्या टप्प्यावर यावं तोच डोक्यावरून सकाळचा पहिला मोठा थवा जातो. पुढच्या बाजूला चेन असलेले वेडर्स बाजारात आले, ते महाग असूनही खपतात याचं कारण त्यांच्या जाहिरातीत सांगावं लागत नाही.

बदकाची मागणी याहून चोखंदळ. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, बदकाच्या डोळ्यांत चार. चौथ्यामुळे त्याला माणसाला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. शिकारी गवताच्या, चिखलाच्या आणि झाडाच्या सालीच्या छाप्याचे कपडे घालतो. दलदलीसाठी एक छापा, जंगलासाठी दुसरा, आणि दोन्ही एकाच दिवशी वापरायची वेळ आली तर गाडीत जाऊन कपडे बदलणारेही आहेत. पण हे कपडे घरच्या साबणात धुतले तर सगळं मुसळ केरात. ‘शुभ्र सफेदी’चं वचन देणाऱ्या पावडरीत प्रकाश परतवणारी रसायनं असतात आणि त्यांच्यामुळे झाडाची साल नेसलेला माणूस बदकाला वरून उजळलेला दिसण्याची भीती असते. म्हणून शिकाऱ्यांसाठी न चमकवणारा साबण वेगळा विकला जातो. कपडे किंचित मळके निघावेत म्हणून जास्त पैसे मोजणारं हे बहुधा एकमेव गिऱ्हाईक. चेहऱ्यालाही जाळी किंवा काळा-हिरवा रंग लागतो. थवा घिरट्या घालत असताना तोंड वर करून पाहणं हा सगळ्यांत मोठा अपराध, आणि तो न करता थवा पाहायचा कसा हे प्रत्येकानं आपापलं शिकायचं.

हातांसाठी छोट्या गरम पुड्या मिळतात. त्यांत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळसा असतो. पुडी फोडली की हवेनं लोखंड गंजू लागतं आणि गंजताना ऊब देतं. गंजाचा इतका चांगला उपयोग कोकणातल्या माणसालाही सुचलेला नाही.

यानंतर नकली बदकं, ज्यांना ‘डिकॉय’ म्हणतात. वरून उडणाऱ्या थव्याला खाली आपलेच भाऊबंद निवांत चरताहेत असं वाटावं, म्हणून ही पाण्यावर सोडायची. कल्पना फार जुनी आहे. नेव्हाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 साली लव्हाळ्यांची वळून केलेली, रंग आणि पिसं लावलेली 11 नकली बदकं सापडली. तिथल्या मूळ रहिवाशांनी ती सुमारे 2000 वर्षांपूर्वी करून नीट जपून ठेवली होती. पुढे लाकडाची आली. एल्मर क्रोवेल या मॅसॅच्युसेट्सच्या कारागिरानं कोरलेलं असंच एक लाकडी बदक 2007 मध्ये 11 लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. तेवढ्या पैशांत खरी किती आली असती याचा हिशेब संग्राहकांना विचारू नये. एके काळी शिकारी पायाला दोरी बांधून जिवंत, पाळीव बदकंच पाण्यात सोडत. त्यांच्या हाकांना रानातली बदकं इतकी फसत, की 1935 मध्ये हा प्रकार बंद करावा लागला. आता प्लास्टिकची वापरतात. प्रत्येकाला दोरी आणि दोरीला वजन असतं, आणि डझन-दोन डझन बदकं एका पोत्यात भरली की रात्रीतून त्यांच्या दोऱ्या एकमेकींत कशा गुंततात याचा उलगडा अजून झालेला नाही. पहाटे साडेचारला, गुडघाभर पाण्यात, डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात, बधिर बोटांनी त्या सोडवणं हा या छंदाचा मुख्य भाग होय; गोळीबार हा त्याचा शेवटचा आणि छोटा अंश.

गंमत अशी, की स्टटगार्टच्या भोवतालच्या पाण्यातल्या जंगलांत ज्या युक्तीला तोड नाही तिला सामान लागतच नाही. शिकारी ओकच्या खोडाला टेकून सावलीत उभा राहतो आणि थवा माथ्यावर आला की एका पायानं पाण्याला लाथा मारतो. लाटा उठतात, झाडांच्या फटींतून आलेलं ऊन त्यांवर हलतं, आणि वरच्या बदकांना खाली गर्दी असल्यासारखं वाटतं. ती पंख आवरून फांद्यांमधून सरळ खाली येतात. पोतंभर प्लास्टिक मागे गाडीतच राहिलं तरी हे जमतं. तरीही कुणी ते घरी ठेवत नाही.

शिट्टीचंही तसंच. लाकडाच्या किंवा अॅक्रिलिकच्या नळीत पातळ जिभली असते, फुंकर घातली की बदकीचा आवाज निघतो. निघायला हवा, असं म्हणणं जास्त बरोबर. स्टटगार्टमध्ये 1936 पासून बदकाचा आवाज काढण्याची जागतिक स्पर्धा भरते. पहिल्या विजेत्याला 6 डॉलर 60 सेंट किमतीचा शिकारीचा कोट मिळाला होता. आज स्पर्धकाला दीड मिनिटात दूरच्या थव्याला घातलेली साद, चरतानाची कुजबूज आणि परत फिरणाऱ्यांची आर्जवं, एवढं सगळं सादर करावं लागतं. परीक्षक माणसं असतात. बदकांना बोलावलं तर निकाल वेगळा लागेल असं मानणारे गावात पुष्कळ आहेत. शिट्ट्या गळ्यातल्या गोफात अडकवतात, एक कधीच नसते, तीन-चार असतात. शिवाय संशोधकांनी पक्ष्यांच्या पायात घातलेली अॅल्युमिनियमची कडी ज्यांना मिळाली, ते कड्यावरचा क्रमांक सरकारला कळवून कडंही त्याच गोफात ओवतात. जुना शिकारी असा सजून निघाला, की पोळ्याचा बैल आठवतो. या मंडळींचा नवशिक्यांना एकच सल्ला असतो: शिट्टी बरोबर घ्यावी, खिशात ठेवावी आणि शक्यतो तिथेच असू द्यावी.

कुत्रा सामानात मोडत नाही, पण त्याचं सामान असतं. बहुधा लॅब्राडोर. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात जाळी आणि मासे ओढत, त्यामुळे पाण्याशी त्याचं भांडण नाही. त्याला अंगात घालायला जाड रबरी बंडी लागते, पाण्याबाहेर बसायला झाडाला अडकवायची फळी लागते, खाणं, पुसायला टॉवेल, जखमेचं औषध आणि हाकेची वेगळी शिट्टी लागते. त्याचं काम म्हणजे पडलेलं बदक अलगद तोंडात धरून आणणं. मध्ये फक्त मालकाच्या कानाशी येऊन अंग झाडणं आहे, ते तो कधी चुकवत नाही. बार झाला आणि काहीच पडलं नाही, तर कुत्रा वळून मालकाकडे पाहतो. काडतुसांवरचं सगळं शास्त्र त्या नजरेपुढे निरुपयोगी आहे.

होडी सपाट बुडाची, अॅल्युमिनियमची. तिच्याबरोबर इंजिन, इंधन, वल्ही, दोर आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट. जाकीट घालावं, इतक्या थंड पाण्यात पोहता येणं फारसं कामी येत नाही. होडीच्या मागच्या बाजूला तळाशी अंगठ्याएवढं एक भोक असतं. होडी गाडीमागे ओढून नेताना पावसाचं पाणी निघून जावं म्हणून ते उघडं ठेवतात आणि पाण्यात सोडण्याआधी बूच लावतात. यादीतली ही सगळ्यांत स्वस्त वस्तू. बंदुकीला तेल दिलं जातं, साबणावर चर्चा होते, कुत्र्याची बंडी दोनदा तपासली जाते आणि बूच घरी खुंटीवर राहतं. हे लक्षात येतं ते होडी धक्क्यापासून पुरेशी दूर गेल्यावर, पायांखाली काहीतरी गार हलू लागलं म्हणजे. त्यानंतर बुचाच्या जागी काय काय कोंबून पाहिलं जातं, हा स्वतंत्र विषय आहे. मुरलेले लोक एक जादा बूच किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवून ठेवतात.

खाण्याच्या बाबतीत हरणाच्या शिकारीपेक्षा ही शिकार उदार आहे. हरणाला वास येतो. बदकाच्या शिकारीत वासाची फिकीर कुणी करत नाही. त्यामुळे लपणात छोटी गॅसची शेगडी पेटते, बेकन तडतडतं, अंडी फुटतात, कॉफी उकळते. सूर्योदयाआधी अर्धा तास गोळीबाराची मुभा सुरू होते आणि त्याच सुमारास नाश्ताही तयार होतो. दोन्हींत निवड करावी लागते. हातात गरम पाव असलेल्या माणसाच्या डोक्यावरून सहा बदकं खुशाल उतरून जाताना बघणं, हे प्रत्येक लपणात घडतं आणि प्रत्येक वेळी दोष पाव देणाऱ्याचा ठरतो.

परतीचं सामान मोजकं. मारलेली बदकं गळ्याकडून अडकवायचा एक पट्टा असतो, त्याला फासे बारा, आणि तो बहुतेकदा सैलच लोंबत असतो. पक्षी घरी नेताना एक पंख किंवा डोकं पिसांसकट शाबूत ठेवावं लागतं, वाटेत अधिकाऱ्याला जात ओळखता यावी म्हणून. म्हणजे बदकालाही शेवटी ओळखपत्र लागतंच.

भारतात हे सगळं सामान एकेकाळी नोकरचाकर वाहत. भरतपूरच्या केवलादेव सरोवरावर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात 4273 पक्षी मारले गेले. तिथल्या दगडी पाटीवर तो आकडा आजही कोरलेला आहे. 1972 चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी हा खेळ संपवला. आर्कन्सॉत उतरणाऱ्या थापट्या आणि तलवार बदकांचेच जातभाई दर हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर येतात. भिगवणला त्यांच्या भेटीला जाणाऱ्यानं परवाना, काडतुसं आणि नकली बदकं यादीतून खोडावीत, न चमकवणारा साबणही खोडावा. दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली आणि पहाटे उठण्याची तयारी पुरते. होडी कुंभारगावच्या मच्छीमारांकडे भाड्यानं मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले.